रेंवट (रेताड) जमिनीत लिंबू पिवळं पडतंय? झिंक, मँगनीज, बोरॉन कुठून आणि कधी द्यायचं

गोव्यात पेडण्याच्या किनाऱ्याला केरी, हरमल, मांद्रे, मोरजी, आणि तिकडे खाली कोलवा बाणावलीपर्यंत, माडाच्या भाटात नाहीतर घरामागच्या पोरसात एखादं कागदी लिंबाचं झाड असतंच, कुणाकडे तोरिंग (पपनस), कुणाकडे महाळुंग, चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधायला होतं म्हणून घरातल्या जुन्या माणसांनी लावलेलं. आणि तक्रार बहुतेकांची एकच, झाड जगतं पण पानं पिवळी, फळ कमी, लिंबं सुपारीएवढी. मग दुकानातून "सूक्ष्म अन्नद्रव्ये" लिहिलेलं पाकीट आणायचं, मे महिन्यात मूठभर मुळात टाकायचं, आणि जूनच्या पावसात त्यातलं बरंचसं खाली निघून जातं.

पाकिटात खोट असतेच असं नाही. पण त्यावरचं वेळापत्रक बऱ्याचदा विदर्भातल्या काळ्या जमिनीसाठी असतं. नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, त्यांचं काम चांगलंच आहे, पण तिकडची माती चिकण, चुनखडीची, दिलेलं धरून ठेवणारी. आपल्याकडे सगळं उलट. वाळूला चिकटून ठेवायला चिकणमाती नाही, सेंद्रिय माल नाही, वर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्यामुळे रेतीत दोन गोष्टी आधी ठरवायच्या, कुठलं द्रव्य पानातून द्यायचं आणि कुठलं मुळातून, आणि दुसरं म्हणजे झाडाला नवी पालवी कधी येते. ग्रॅमचा हिशोब त्यानंतर.

आधी माती बघा, कारण रेती रेतीत फरक आहे

समुद्राला अगदी लागून जी रेती असते तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे चुना, तिथं पीएच, म्हणजे मातीच्या आंबटपणाचा आकडा (सातच्या खाली आंबट), आठच्या वर जातो. थोडं आत गेलात, जिथं डोंगराकडची तांबडी माती रेतीत मिसळलीय तिथं उलटं, माती आंबट, पीएच पाच साडेपाच. दोन्हीकडे पानं पिवळी पडतात पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. घरच्या घरी बघायचं तर झाडाखालची वीतभर खोलीवरची मूठभर कोरडी रेती बशीत घ्या आणि वरून विनेगार ओता, सोरपोतेलला घालतो तेच चालतं. फसफसून बुडबुडे आले तर शिंपल्यांचा चुना आहे. काहीच झालं नाही तर चुना नाही, आणि आपल्या पावसात अशी रेती बहुतेक आंबटच निघते, तरी पीएचच्या पट्टीनं एकदा खात्री करून घ्या, पट्टी स्वस्त मिळते.

नीट आकडा हवा तर माती तपासून घ्या, तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारलं की नमुना कुठं द्यायचा ते सांगतात. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी येतात, त्यात जस्त (म्हणजेच झिंक), लोह, तांबं, मँगनीज आणि बोरॉन ही पाचही आहेत. मॅग्नेशियम आणि मॉलिब्डेनम मात्र त्यात नसतात हे लक्षात ठेवा, कारण आंबट रेतीत नेमकं मॅग्नेशियमच आधी संपतं. नमुना घेताना खोडाजवळून नाही, फांद्यांचा घेर जिथं संपतो तिथून आठ-दहा ठिकाणची फूटभर खोलीपर्यंतची माती घेऊन एकत्र करा, आणि ती जस्ताच्या पत्र्याच्या बादलीत किंवा गंजक्या फावड्यानं गोळा करू नका, कारण मग रिपोर्टात जस्त आणि लोह भरपूर दिसणार, तुमच्या मातीतलं नव्हे, बादलीतलं. प्लास्टिकचा टब आणि लाकडी नाहीतर बांबूची काठी घ्या.

पान वाचायला शिका

हे एकदा जमलं की निम्मे पैसे वाचतात. सकाळी झाडापाशी जा, एक कोवळ्या पालवीतलं आणि एक जुनं अशी दोन पानं तोडा आणि उन्हाकडे धरून बघा. पहिला प्रश्न, पिवळेपणा नव्या पानात आहे की जुन्या पानात? जस्त, लोह, मँगनीज झाडाला जुन्या पानातून काढून नव्याला देता येत नाही, म्हणून कमतरता नव्या पानात दिसते. नायट्रोजन आणि मॅग्नेशियम देता येतं, म्हणून तिथं जुनी पानं आधी जातात.

जुनं पान सरसकट फिकट पिवळं झालं असेल तर ते नायट्रोजन, त्यावर झिंक मारून काही होणार नाही. जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरलाय, टोक पुढे आणि रुंद बाजू देठाला, आणि दोन्ही बाजू पिवळ्या झाल्यात तर ते मॅग्नेशियम.

नव्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला की बहुतेक लोक सरळ "लोह कमी" म्हणतात, तिथं घाई करू नका. पानाचा आकार बघा. पान लहान, अरुंद, टोकदार, काड्यांची पेरं आखूड, फांदीच्या टोकाला पानांचा झुबका, आणि पिवळेपणा झगझगीत, तर ते जस्त. पानाचा आकार नेहमीचाच पण मधली शीर आणि बाजूच्या शिरा यांच्या कडेनं रुंद हिरवे पट्टे, मधला भाग फिकट हिरवा, एकदम पिवळा नाही, तर ते मँगनीज, आणि हे झाडाच्या सावलीच्या बाजूला जास्त दिसतं. लोह असेल तर शिरांची अगदी बारीक हिरवी जाळी आणि बाकी सगळं पान पिवळं, फार झालं तर जवळजवळ पांढरं, पान पातळ पण आकाराला साधारण नेहमीएवढं. आपल्याकडे जस्त आणि मँगनीज बऱ्याचदा जोडीनंच येतात, त्यामुळे दोन्हीची खूण एकाच फांदीवर दिसली तर गोंधळू नका. शिंपल्यांच्या रेतीत त्यांच्या जोडीला लोहही येतं.

बोरॉन पानापेक्षा फळात लवकर कळतं. लहान फळं गळतात, जी राहतात ती दगडासारखी कडक, आणि तोरिंग कापलं की सालीखालच्या जाड पांढऱ्या भागात तपकिरी डिंकाचे ठिपके दिसतात, रस कमी. पानांवर शिरा फुगून खडबडीत होतात, कधी तडकतात. शेजारच्या माडाची नवी चुडतं जर टोकाला वाकडी, आकड्यासारखी अडकलेली निघत असतील तर त्या सगळ्या भाटातच बोरॉन कमी आहे असं समजायला हरकत नाही.

आता एक सावधानी. पानाच्या मधल्या शिरेच्या डाव्या उजव्या बाजू बघा. अन्नद्रव्याची कमतरता असली की दोन्ही बाजूंचं चित्र साधारण सारखं असतं. एका बाजूला पिवळा डाग इकडे, दुसऱ्या बाजूला तिकडे, डाग शिरा ओलांडून पसरलेले, आणि झाडाची एखादीच फांदी पिवळी, असं असेल तर ते सिट्रस ग्रीनिंग असू शकतं. तो जिवाणूचा रोग आहे, सिला नावाच्या बारीक किडीतून पसरतो, आणि सुरुवातीला हुबेहूब झिंकच्या कमतरतेसारखा दिसतो. फ्लोरिडात, जिथं बहुतेक संत्री वाळूतच होतात, तिथं तो २००५ मध्ये सापडला आणि त्यानं तिथला धंदा बुडवला. त्याला कुठलंही टॉनिक चालत नाही. संशय आला तर फांदीचा नमुना घेऊन ओल्ड गोव्याला एला इथं आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) किनारी कृषी संशोधन संस्था आहे तिथल्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, दक्षिणेकडच्यांना मडगावचं केंद्र जवळ. तसंच पावसाळ्यानंतर पानांच्या फक्त शिराच पिवळ्या आणि बाकी पान हिरवं, खोडाला मातीजवळ डिंक, असं दिसलं तर मुळं किंवा बुंधा कुजतोय, तिथं आधी बुंध्याला लागलेली माती मागे ओढा आणि पाणी साचू देऊ नका, खतं नंतर.

जस्त आणि मँगनीज पानातून

या दोन्ही गोष्टी रेतीत मुळातून देणं म्हणजे बहुतेक पैसे पाण्यात. शिंपल्यांच्या रेतीत ती अडकून बसतात, आंबट रेतीत, निदान मँगनीज तरी, वाहून जातं. फवारणीनं थेट पानात जातात आणि प्रमाणही थोडं लागतं.

साधा, स्वस्त आणि जुना उपाय म्हणजे झिंक सल्फेट आणि चुना. झिंक सल्फेट अर्धा टक्का, चुना पाव टक्का. पाठीवरचा पंप सोळा लिटरचा धरला तर ८० ग्रॅम झिंक सल्फेट आणि ४० ग्रॅम विरवलेला चुना. त्याच्यातच मँगनीज सल्फेट ४० ग्रॅम घाला, म्हणजे पाव टक्का. चुना घालायचा कारण नुसतं झिंक सल्फेट आंबट असतं, कोवळी पानं करपतात.

कालवायची पद्धत महत्त्वाची आहे, तिथंच लोक चुकतात. दोन प्लास्टिकच्या बादल्या घ्या. एकीत पाच सहा लिटर पाण्यात झिंक आणि मँगनीज सल्फेट पूर्ण विरघळवा, खाली खडा राहता कामा नये. दुसरीत चुना तेवढ्याच पाण्यात ढवळून जुन्या सुती पंचातून गाळा, तीन पदरी करून, नाहीतर नोझल बंद पडणार आणि तुम्ही अर्धा तास पिन घेऊन बसणार. मग चुन्याचं पाणी हळूहळू झिंकच्या बादलीत ओतत ढवळा. पाणी दुधासारखं पांढरट होईल, ते बरोबर आहे. पंपात ओतून उरलेलं पाणी भरा, दोन थेंब स्टिकर, म्हणजे फवारा पानाला चिकटवणारं द्रव, घाला, आणि फवारताना मधून मधून पंप हलवत राहा कारण ते पांढरं खाली बसतं. कालवलेलं त्याच दिवशी संपवा. त्याच्यात डीएपी, १९:१९:१९, फॉस्फरसवालं काहीही मिसळू नका, झिंक आणि फॉस्फेट एकमेकांना धरून खाली बसतात आणि दोन्ही वाया. पोत्यातला युरियाही त्यात घालू नका असं मी सांगेन, त्यात बाययुरेट नावाचा घटक असतो आणि लिंबाच्या जातीला तो पानावर सोसत नाही, टोकं पिवळी पडतात.

एवढी कटकट नको असेल तर चिलेटेड झिंक, म्हणजे विरघळलेलंच राहील अशा संयुगात धरलेलं, १२ टक्केवालं, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, चुना लागत नाही. महाग आहे पण दोन-चार झाडांना परवडतं. लेबलवर ईडीटीए (त्या धरणाऱ्या संयुगाचं नाव) आणि टक्केवारी लिहिलेली आहे का बघून घ्या, नुसतं "ग्रोथ बूस्टर" लिहिलेल्या बाटलीत काय आहे ते देवाला ठाऊक.

वेळ मात्र चुकवू नका. नवी पालवी निघून पानं पूर्ण आकाराच्या दोन तृतीयांश झाली, पण अजून मऊ, फिकट आहेत, तेव्हा फवारायचं. जुन्या पानावर मेणाचा थर जाड झालेला असतो, त्यातून फारसं आत जात नाही. आणि जस्त एका पालवीतून पुढच्या पालवीत सरकत नाही, म्हणून दर मोठ्या पालवीला एकदा तरी मारावं लागतं. आपल्याकडे बघायचं तर फेब्रुवारी मार्चची पालवी आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरची पालवी, या दोन चुकवायच्या नाहीत. पावसाळ्यातल्या पालवीला श्रावणात दोन दिवसांची उघडीप मिळाली तर मारा, मारल्यावर पाच-सहा तास पाऊस नको, नाहीतर सोडून द्या. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, पानाची खालची बाजूही भिजली पाहिजे. झाड भर फुलात असताना नको, मधमाश्या असतात आणि फुलं गळतात.

बोरॉन: चिमूटभर कमी चालेल, जास्त नाही

बोरॉन पाण्याबरोबर सगळ्यात सहज वाहून जातं, त्यामुळे रेतीत दरवर्षी द्यावंच लागतं, पण कमी पडणं आणि जास्त होणं यातलं अंतर फार थोडं. मोठ्या, फळ देणाऱ्या झाडाला वर्षाला २५ ग्रॅम बोरॅक्स पुरे, तेही एकदम नाही, अर्धं ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस थांबल्यावर आणि अर्धं फेब्रुवारीत. लहान झाडाला याच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त नको. पाण्यात विरघळवून झारीनं फांद्यांच्या घेराखाली सगळीकडे फिरवून घाला, एका जागी मूठ टाकली तर तिथली मुळं जळतात. माडाला सांगितलेला बोरॅक्सचा डोस बघून तोच लिंबाला घालणारे लोक आहेत, तसं करू नका. आणि भाटात माडांना बोरॅक्स घालत असाल आणि लिंबू दोन माडांच्या मधेच असेल तर लिंबाची मुळं तिकडे पोचलेली असतात, तेही हिशोबात धरा.

पानातून द्यायचं तर बोरिक अॅसिड लिटरला एक ग्रॅम, फुलं उमलायच्या आधी, कळी दिसते तेव्हा. मुळातून दिलंय तर पानातून परत पूर्ण डोस नको. जास्त झाल्याची खूण जुन्या पानाच्या टोकाला दिसते, टोक पिवळं होऊन करपतं, पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी डिंकाचे ठिपके. गोड्या पाण्याच्या दोन चार भरपूर पाळ्या दिल्या की रेतीतून ते निघूनही जातं, एवढी एक सोय रेतीत आहे.

लोह मुळातून, पण माती बघून

लोहाची फवारणी म्हणजे पानावर हिरवे ठिपके, जिथं थेंब पडला तेवढंच हिरवं. टिकाऊ काम मुळातूनच होतं. आणि इथं सुरुवातीची विनेगारची बशी कामाला येते. रेती फसफसली नसेल, पीएच साडेसहाच्या खाली असेल, तर ईडीटीएवालं लोह चालतं. फसफसली असेल तर ईडीटीए तिथं तुटतं, लोह चुन्यात अडकतं, तिथं ईडीडीएचए या जास्त टिकणाऱ्या संयुगातलंच घ्यावं लागतं, गडद लाल रंगाचं, महाग असतं, मोठ्या झाडाला ३०-४० ग्रॅम पाण्यात कालवून संध्याकाळी घालून वरून थोडं पाणी द्यायचं आणि पातेऱ्यानं झाकायचं. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, नुसतं टाकलं तर काही दिवसांत गंजाच्या रंगाचं होऊन बसतं, शेणखतात कालवून दिलं तर थोडंफार लागतं.

खोडात खिळे ठोकणं, बुंध्यात गंजकं लोखंड पुरणं हे गावागावात चालतं. आपल्या तांबड्या मातीत लोह काय कमी आहे का, डोंगरच्या डोंगर लोखंडाचे आहेत. झाडाला ते विरघळलेल्या रूपात मिळत नाही ही अडचण आहे, खिळ्यानं ती सुटत नाही, फक्त खोडाला जखम होते.

तांबं, आणि पोफळीची शेजार

तांबं कमी पडलं तर काड्या टोकाकडून वाळतात, सालीखाली डिंकाच्या गाठी येतात. पण तांबं विकत घ्यायच्या आधी बाजूला पोफळी आहेत का बघा. पोफळीची फळं कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी दर पावसाळ्यात बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, मारतात, त्यातलं तांबं खाली गळून मातीतच राहतं, वर्षानुवर्षं साचतं. लिंबालाही खैऱ्या रोगासाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड मारत असालच. मग वेगळं तांबं कशाला. साचून जास्त झालं की आंबट रेतीत मुळं खुंटतात आणि झाडाला लोह उचलता येत नाही, पानं लोह कमी असल्यासारखी पिवळी पडतात. फ्लोरिडातल्या जुन्या बागांत नेमकं हेच झालं होतं. दुकानातल्या मिश्रणात तांबं असतंच, म्हणून अशा ठिकाणी मिश्रणापेक्षा सुटं झिंक, सुटं मँगनीज घेतलेलं बरं.

आंबट रेतीत मॅग्नेशियम आणि मॉलिब्डेनम या दोन्हीचं उत्तर बऱ्याच अंशी डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेला चुनखडक दळून केलेली पूड. मोठ्या झाडाला अर्धा ते एक किलो, घेरात पसरून, पाऊस ओसरल्यावर मातीत हलकं मिसळून. रेतीत पीएच पटकन चढतो, एकदम चार-पाच किलो ओतलंत तर जस्त, लोह, मँगनीज सगळंच अडकवून बसाल. पुढच्या वर्षी पट्टीनं परत बघा, सहा-साडेसहाला आलं की थांबा. तोवर पानं फारच पिवळी असतील तर मॅग्नेशियम सल्फेट एक टक्का फवारा, लिटरला दहा ग्रॅम.

रेतीला काहीतरी धरायला द्या

हे सगळं करूनही रेती उघडी ठेवली तर दरवर्षी तेच. शेणखत, कुजलेला पालापाचोळा, गिरिपुष्पाची कोवळी पानं, जे मिळेल ते. गिरिपुष्प कुंपणाला लावलेलं असतंच, त्याच्या फांद्या छाटून घेरात टाका. नारळाची सोडणं पालथी घालून आळ्यात पुरली तर ओल धरतात आणि त्यावर लिंबाची बारीक मुळं अक्षरशः चिकटतात, उकरून बघा. बुंध्यापासून मात्र वीतभर लांब ठेवा. सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली नसावीत.

कारण मीठ. माडाला मीठ घालायची आपल्याकडे पद्धत आहे, माडाला ते चालतं, लिंबाला अजिबात नाही. माडाच्या आळ्यातलं मीठ, खारवलेल्या तारल्यांचं खत, एप्रिल मेमध्ये मचूळ झालेली विहीर, यातलं काहीही लिंबाला लागलं की पानाची टोकं करपतात आणि लोक परत कमतरता समजून पाकीट आणतात. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी जिभेला खारट लागत असेल तर त्या दिवसांत खतं बंद, शक्य तर दुसरं गोडं पाणी.

आणि फवारल्यावर पिवळी झालेली जुनी पानं हिरवी होण्याची वाट बघत बसू नका, त्यातली थोडी सुधारतात, बाकीची तशीच राहतात. पुढची पालवी कशी निघते ते बघा. ज्यांची पंचवीस तीस झाडं आहेत त्यांनी पान तपासणी करून घ्यावी, वसंतातल्या पालवीची चार ते सहा महिने वयाची पानं, फळ नसलेल्या काडीवरची, फवारणी न झालेली, कारण झिंक मारलेलं पान धुतलं तरी रिपोर्ट फुगतो. फ्लोरिडाच्या वाळूतल्या बागांसाठी वापरतात ते ठीक पातळीचे आकडे असे, जस्त आणि मँगनीज प्रत्येकी २५ ते १०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), लोह ६० ते १२०, बोरॉन ३६ ते १००, तांबं ५ ते १६. रिपोर्ट यात बसत असेल आणि तरीही फळ नसेल तर सूक्ष्म अन्नद्रव्यांचा नाद सोडून नायट्रोजन, पोटॅश, पाणी आणि माडांची सावली याकडे बघा.